घोड्यावरून दिसलेलं कलिंगड

परवा मोरोक्कोचे फोटो टाकले होते. द्रा नदीच्या खोऱ्यातून सात दिवस घोड्यावरून, अग्द्झ गावापासून थेट म्हामिदपर्यंत. लाइक भरपूर आले, आभार. पण कमेंट वाचून डोकं भणभणतंय. तीन नमुने देतो.

"निसर्गाची किमया!"
"बघा, वाळवंटात कलिंगड पिकवतात, आणि आपला मराठवाडा टँकर मागतो."
"मेहनत लागते राव. आपले लोक आळशी."

लिहिणारे सगळे आपलेच आहेत, राग नाही. पण तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी तर संतापजनक आहे. एकेकाला खाली उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पोस्ट मोठी आहे, वाचा.

आधी घोड्याचं सांगतो. हे अंतर गाडीने अर्ध्या दिवसात संपतं. डांबरी रस्ता आहे, काचेतून सगळं हिरवंगार दिसतं. घोड्यावरून तसं दिसत नाही. उन्हात चालणारा घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो. आम्ही आठ जण, आठ घोडे. म्हणजे रोज संध्याकाळी तीनेकशे लिटर पाणी कुठून येणार, हा पहिला प्रश्न. आजची मजल किती, मुक्काम कुठे, हे सगळं त्यावर ठरायचं. पहिले तीन दिवस विहिरी आणि पाट मिळाले. पुढे विहिरी खोल गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत विहिरीचं पाणी इतकं मचूळ, की घोडे तोंड लावून मान फिरवायचे. मग सामानाच्या गाडीतून ड्रम आले. म्हणजे टँकरच. तुमच्या त्या नंदनवनात मी टँकरच्या पाण्यावर फिरलो, हे फोटोत आलं नाही.

आता "निसर्गाची किमया". द्राच्या मधल्या खोऱ्यात एकामागोमाग एक सहा मरुद्यानं आहेत : मेझगिता, तिनझुलिन, तेर्नाता, फेझुआता, क्तावा आणि म्हामिद. यातलं एकही आपोआप उगवलेलं नाही. वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब-जर्दाळू, त्याखाली बार्ली आणि आपला लसूणघास. असे तीन मजले माणसांनी पिढ्यान् पिढ्या लावलेत. दरवर्षी पाटातला गाळ काढायचा, बांध नीट करायचे, पाळीने पाणी घ्यायचं. दक्षिण मोरोक्कोत काही ठिकाणी पाळी मोजायला तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यात सोडत. बुडालं की तुझी वेळ संपली. आपल्याकडे लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र असायचं, तेच. डोंगराच्या पायथ्याचं भूजल उताराने गावापर्यंत आणणारे जमिनीखालचे बोगदेही आहेत, खेत्तारा म्हणतात. मलिक अंबरची औरंगाबादची नहर ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं समजावायला नको.

म्हणजे मरुद्यान ही एक व्यवस्था आहे. आपल्या पांझरेवरच्या फड पद्धतीसारखी. पाटकरी गेला, नियम गेले, की हिरवळही जाते.

आणि ती जातेय. 1972 साली वर्झाझातजवळ द्रावर मोठं धरण झालं, अल मन्सूर एद्दाहबी. वर्ष ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे त्या साली दुष्काळ होता. पूर नियंत्रण आणि नियमित सिंचन मिळेल म्हणून बांधलेलं धरण. तेव्हापासून खालच्या गावांना पाणी नदीच्या नव्हे, सोडणाऱ्याच्या मर्जीने येतं. वर्षातून मोजकी आवर्तनं, तीही धरणात असेल तर. सगळ्यात शेवटी म्हामिद, म्हणजे सगळ्यात कमी म्हामिदला. त्यापलीकडचं इरिकी सरोवर, जिथे एकेकाळी पक्षी उतरायचे, तळापर्यंत कोरडं पडलं. सप्टेंबर 2024 च्या अतिवृष्टीत ते सुमारे अर्ध्या शतकानंतर भरलं आणि जगभर फोटो फिरले. पण एका पुराने व्यवस्था परत येत नाही. कालव्याच्या टेलला जमीन असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

दुष्काळ खोटा आहे असं मी म्हणत नाही. 2018 पासून सलग सहा वर्षं तिथे पाऊस नीट नव्हता. गुरंमेंढरं इतकी घटली की 2025 च्या बकरी ईदला कुर्बानी देऊ नका, असं खुद्द राजाने लोकांना सांगितलं. त्याआधी बायूद नावाच्या बुरशीने खजुराच्या बागाच्या बागा मारल्या होत्या. पण दुष्काळ सगळ्यांवर सारखा पडत नाही, आणि इथेच ते कलिंगड येतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी झागोराच्या आसपास खजुरीच्या बनाबाहेर, जिथे कधी शेती नव्हती तिथे, उघड्या माळावर प्लास्टिकच्या लांबच लांब पट्ट्या दिसल्या. खाली ठिबक, बाजूला बोअर, त्यावर सोलर पंप. युरोपात कलिंगडाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी इथलं कलिंगड तिथे पोहोचतं, म्हणून भाव चांगला. त्यातले बरेच बागायतदार बाहेरून आलेले. जमीन भाड्याने घ्यायची, खोल बोअर मारायची, पाणी उतरलं की दुसरीकडे जायचं. आमच्यासोबतचा घोडेवाला तिथलाच. त्याने बापाची बाग दाखवली. शेंडे गळालेले खजुराचे खुंट, विजेच्या खांबांसारखे उभे. बोअर मारायला त्याच्याकडे पैसे नव्हते. म्हणून आता पाहुण्यांचे घोडे सांभाळतो.

झागोराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार म्हणजे जवळच्या फेजा मैदानातलं भूजल. त्याच मैदानात कलिंगडं लागली. 2017 साली झागोरातले लोक पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी धरपकड केली. 'तहानेची आंदोलनं' म्हणून ती ओळखली जातात. पुढे सरकारला झागोरात कलिंगडाच्या क्षेत्रावर मर्यादा घालावी लागली, शेजारच्या टाटा प्रांतात तर बंदीच घातली. आणि आपण इथे बसून "वाळवंटात कलिंगड" म्हणून टाळ्या वाजवतोय. ज्या पिकावर त्यांनाच बंदी घालावी लागली, ते आपण मराठवाड्याला आदर्श म्हणून दाखवतोय.

आता कोणी म्हणेल, तू कोण सांगणारा? तूही पर्यटकच. बरोबर आहे. झागोराच्या ज्या हॉटेलात उतरलो तिथे पोहण्याचा तलाव होता, आणि दिवसभराच्या धुळीनंतर मी त्यात उतरलोही. बाहेर पाण्याच्या कॅनसाठी उभी असलेली पोरं मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. तेव्हा लाज वाटली, ती लिहून कमी होत नाही. घोड्यांचे पैसे गावात राहतात, चार घरं चालतात, हे खरं. पण त्या तलावाचं समर्थन मी करणार नाही.

कलिंगड लावणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालाव्यात असंही नाही. खजुराचं उत्पन्न वर्षातून एकदा, तेही झाड मोठं झाल्यावर. कलिंगडाचे पैसे तीन महिन्यांत हातात. लहान शेतकऱ्याने काय करावं? तोच हिशोब आपल्याकडे उसाचा. एफआरपी आहे, कारखाना तोडून नेतो, दुसऱ्या कुठल्या पिकाला एवढी हमी आहे? माणूस हिशोबाने वागतो. प्रश्न हिशोब कोणी मांडून ठेवलाय हा आहे.

आणि आता ते 'आळशी'. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. त्या वेळी आपल्या चौकात घागरी घेऊन रात्र काढणाऱ्या बायका आळशी होत्या? राज्यात ऊस पिकाखालच्या जमिनीच्या चारेक टक्क्यांवर, आणि सिंचनाचं सत्तरेक टक्के पाणी एकट्या उसाला, हे कृषिमूल्य आयोगाने लिहून ठेवलंय. आळस कुठे आहे मग? आळस नियम पाळण्यात आहे. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर नको म्हणतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्या शिवारात सहाशे, आठशे फुटांच्या बोअर किती आहेत, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. विलासराव साळुंखेंनी पुरंदरमध्ये पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटून दाखवलं. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. त्यासाठी कुठल्याही परदेशात जायची गरज नव्हती.

म्हणून विनंती एवढीच, माझ्या फोटोंवरून मराठवाड्याला टोमणे मारू नका. मारायचेच असतील तर पुढच्या ग्रामसभेत उभे राहून तीन प्रश्न विचारा : गावात बोअर किती, किती फुटांच्या, आणि उन्हाळ्यात पिण्याचं पाणी आधी की बागायत आधी? उत्तर लेखी मागा. मी माझ्या गावात विचारणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथेच टाकीन.

म्हामिदला शेवटच्या संध्याकाळी घोडेवाल्याने आधी आठही घोड्यांना पाजलं, मग उरलेल्या पाण्यात आमचा चहा ठेवला. त्याच्याकडे क्रम ठरलेला होता. आपल्याकडे तो कधी ठरणार?