कुरतडलेल्या पानांची बाग

बागेची आवड ही सुसंस्कृतपणाची खूण, असे आपण मानत आलो आहोत. अंगणात हिरवळ, कडेला एकाच उंचीवर कातरलेले कुंपण, कुंड्यांतून शोभेची झाडे आणि जमिनीवर वाळलेले एक पानही नाही, अशी बाग पाहिली की पाहुणा हमखास म्हणतो, "वा, काय छान ठेवली आहे बाग!" या कौतुकालाच मला थोडा आक्षेप घ्यायचा आहे. बाग ठेवली आहे खरी. पण तिच्यात राहते कोण?

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. २०२० सालापासून हा आठवडा महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. त्या दिवसांत आपण व्याख्याने ऐकतो, अरण्यांची छायाचित्रे पाहतो आणि निसर्ग म्हणजे ताडोबा किंवा मेळघाट, अशी समजूत घेऊन घरी परततो. घरामागच्या गुंठाभर परसाचा या विषयाशी काही संबंध असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

तो संबंध अळीपासून सुरू होतो. फुलपाखरू सर्वांना हवे असते, अळी कोणालाच नको असते. पण अळीवाचून फुलपाखरू येणार कोठून? शिवाय प्रत्येक अळीचे ताट ठरलेले असते. लिंबू आणि कढीपत्ता यांवर वाढणाऱ्या अळ्या रुईला तोंड लावणार नाहीत. रुईवरच्या अळ्या कढीपत्त्याला शिवणार नाहीत. पानफुटी, कण्हेर, बहावा, कुंपणाला लावलेला खोटा अशोक, या प्रत्येकाची पंगत निराळी. महाराष्ट्राने २०१५ साली 'राणी पाकोळी' हे राज्य फुलपाखरू म्हणून निवडले. काळ्या पंखांवर निळी झाक असलेल्या या मोठ्या फुलपाखराची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. राणीचा असा गौरव करायचा आणि घरच्या लिंबावर अळी दिसताच औषध फवारायचे, याला काय म्हणावे?

पक्ष्यांचेही तेच आहे. शिंजीर जास्वंदीचा आणि अडुळशाचा मध पितो, पण पिलांच्या चोचीत किडे आणि कोळीच भरवतो. दाणे टिपणारी चिमणीही पिलांना अळ्या-किडे चारते. म्हणजे आपण गच्चीवर कितीही तांदूळ टाकले, तरी बागेत किडा नसेल तर चिमणीचे पिलू उपाशीच राहायचे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, ती बाग निरोगी नसून ओसाड आहे.

पालापाचोळ्याविषयीही मला असेच म्हणावेसे वाटते. रोज सकाळी आपण तो झाडतो, ढीग करतो आणि पेटवून देतो. त्या पाचोळ्याखाली गांडुळे असतात, बेडूक दडलेला असतो. सातभाई थव्याने येऊन एकेक पान उलटून आपले भक्ष्य शोधतात. उन्हाळ्यात तोच पाचोळा जमिनीचा ओलावा धरून ठेवतो. खत, पाणी आणि पाखरांचे अन्न, तिन्ही एका काडीने जाळून टाकण्याला आपण स्वच्छता म्हणतो!

सध्या आमच्या घरी हाच वाद चालू आहे. दादाच्या मते सगळ्या परसात सिमेंटचे ठोकळे बसवून घ्यावेत. त्याची कारणे खोटी नाहीत. पावसाळ्यात आजीचा पाय घसरतो, स्कूटर चिखलात रुतते आणि झाडलोट करायला कोणाला वेळ नसतो. पण त्यासाठी सारी माती झाकायची गरज नाही. आजीच्या वाटेपुरती खडबडीत फरशी आणि स्कूटरपुरता एक पट्टा पुरेसा आहे. बाकीची माती उघडी राहिली तर पावसाचे पाणी तेथे मुरेल आणि आजीचा कढीपत्ताही जगेल. दादा अद्याप तयार झालेला नाही. पण त्याने गवंड्याला दिवाळीनंतर यायला सांगितले आहे, एवढे तरी पदरात पडले.

दुसरा आक्षेप सापाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घोणस, फुरसे पाचोळ्यात सहज दिसत नाहीत. तेव्हा दारापासूनचे चार-पाच हात झाडून मोकळे ठेवावेत, पाचोळा परसाच्या टोकाला असावा, लाकडे भिंतीला लावून रचू नयेत आणि रात्री बॅटरीवाचून तिकडे जाऊ नये. साप बहुधा उंदरामागे येतो आणि उंदीर खरकट्यामागे. ते उघड्यावर टाकणे प्रथम बंद करावे. तिसरा आक्षेप डासांचा. पाखरांसाठी पाणी पसरट मातीच्या थाळीत ठेवावे आणि दर दोन दिवसांनी थाळी घासून बदलावे. डासाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ त्याहून अधिक दिवस घेते.

ज्यांना परस नाही, त्यांनीही निराश व्हायचे कारण नाही. सज्जातल्या एका कुंडीत कढीपत्ता लावावा, दुसरीत पानफुटी, आणि फवारणीचा डबा घरात आणूच नये. आमच्या आयांना आमटीपुरती पाने मिळतील. उरलेल्यांवर अळीचाही हक्क आहे, एवढे मान्य केले म्हणजे झाले.

प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एकच विनंती आहे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात दर वर्षी वृक्षारोपण होते, छायाचित्रे निघतात. या वर्षी एखादे रोप कमी लावले तरी चालेल. पण ग्रंथालयामागचा कोपरा एक वर्ष न झाडता, न जाळता, न फवारता ठेवावा. तेथे रुई उगवली तर उपटू नये. प्रत्येक महिन्याला कोण आले, कोण गेले, याची नोंद आपल्यापैकी कोणीतरी एका वहीत ठेवावी. मी त्या कामाला तयार आहे. पुढील वर्षीच्या या अंकात ती नोंद छापता आली, तर माझे मत बरोबर होते की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.