ओरिजिनलचं सोवळं

'ओरिजिनल' हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या डोक्यात तिडीक जाते. जुन्या गाड्यांच्या दुनियेत तो नुसता शब्द नाही, सोवळं आहे. शिवलात की विटाळ!

आमच्या घरची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट, म्हणजे जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली ती, गेल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली पेटली. नातेवाईक मंडळींना हे ठाऊक आहेच, कारण निम्म्यांनी फोन करून "आता द्या भंगारात" असा सल्ला दिला. गाडीवाल्या मित्रांचं म्हणणं उलट. "उभी करा, पण सगळं ओरिजिनलच घाला हं!" मला दोन्ही अमान्य. पहिल्या सल्ल्याचा राग येत नाही, तो काळजीपोटी असतो. दुसऱ्याचा येतो.

आधी भंगारवाल्यांना उत्तर. आग किती लागली हे काजळीवरून कळत नाही, काय वितळलं त्यावरून कळतं. तारांवरचं प्लास्टिक शे-दीडशे अंशांतच मऊ पडतं. कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, तो ३८० अंशांच्या पुढे वितळतो. अ‍ॅल्युमिनियम साडेसहाशेच्या सुमाराला. आमच्या गाडीत तारा गेल्या, नळ्या गेल्या, बॉनेटचा रंग फुगून सुटला, पण कार्बोरेटर शाबूत! म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला धोका कमी. तरी ते उतरवून, सरळ पट्टी लावून पाहिलं. वाकलेलं नव्हतं. ब्लॉक तर बिडाचा. अशी गाडी भंगारात द्यायची? खरा शत्रू आग विझल्यावर येतो, तो म्हणजे अग्निशामकाची पावडर. दमट हवेत ती धातू खायला लागते. ती त्याच आठवड्यात साफ केली, हे महत्त्वाचं.

आता सोवळेवाल्यांकडे वळतो. आग लागली कशाने? पेट्रोलची रबरी नळी भेगाळली, पेट्रोल ठिबकलं, आणि शेजारच्या वेष्टण तडकलेल्या तारेने ठिणगी दिली. दोन्ही वस्तू अस्सल, कंपनीच्या, ओरिजिनल! चार वर्षांपूर्वी एका गॅरेजने या गाडीचं 'फुल रिस्टोरेशन' करून दिलं होतं. रंग आरशासारखा, बंपरला नवं क्रोम, सीटांना नवी कव्हरं. आणि बिलात अभिमानाने लिहिलेलं, 'वायरिंग व पाइप ओरिजिनल, तसेच ठेवले.'

अहो, ती नळी ज्या पेट्रोलसाठी केली होती, ते पेट्रोल तरी ओरिजिनल उरलंय का? आज पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ होतं, शेवटी चिरतं. त्याला टिकणारी, आतून फ्लुओरो-रबराचं अस्तर असलेली नळी मिळते. तिच्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असतं. रंगाच्या बिलापुढे तिची किंमत म्हणजे चहापाणी.

म्हणून आम्ही काय केलं? नव्या नळ्या, नव्या क्लिपा. तारांचा अख्खा जुडगा नवा, पण रंग जुन्या नकाशाप्रमाणेच, म्हणजे उद्याच्या मेकॅनिकला कोडं पडू नये. जुन्या गाड्यांत बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेवर बहुधा फ्यूज नसतो, तो घातला. बॅटरी तोडायचा स्विच बसवला. ब्रेकचे रबरी भाग उष्णतेने गेले असं धरूनच बदलले. आणि सीटखाली छोटा अग्निशामक.

यावर एका मित्राचं मत पडलं, "गाडीचा आत्मा गेला." आत्मा काय तारांच्या वेष्टणात असतो? २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. त्यातही चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत, असं आहे. चिरलेली नळी जपा असं त्यात कुठेही नाही.

आणि ही गाडी मुंबईत इतकी वर्षं जगवली कोणी? टॅक्सीवाल्यांनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तीही वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून, मोडली म्हणून नव्हे. झिजलेलं काढा, चालेल ते घाला, हा त्यांचा धर्म. त्यांनी सोवळं पाळलं असतं तर?

ज्या वस्तूने आग लावली तीच पुन्हा बसवायची, याला मी वारसा म्हणणार नाही. या गाडीत मागे माझी नातवंडं बसतात. प्रदर्शनातल्या परीक्षकाने दोन गुण कापले तर खुशाल कापावेत.

असो. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर या रविवारी पॉलिश बाजूला ठेवा. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, पेट्रोलची नळी बोटांनी जरा वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बदलून टाका, आणि मग काय तो वाद घाला. मी आहेच!