‘गाडी बरी आहे, घ्या’

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या गॅरेजच्या दारात एक ठरलेलं दृश्य दिसतं. पुढे एजंट गाडी घेऊन येतो, मागून गिऱ्हाईक स्कूटरवर. ‘शेठ, जरा बघा ना, कशी वाटते?’ तुम्ही बॉनेट उचलता, दोनदा रेस देता, कान लावता आणि म्हणता, ‘बरी आहे, घ्या.’ याचे पैसे कुणी देत नाही, तुम्हीही मागत नाही. एजंट महिन्याला चार कामं आणतो, गिऱ्हाईक मात्र आज येऊन उद्या दिसणारही नाही. मन कुणाचं राखायचं, ते न बोलता ठरलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी असंच एक ‘बरी आहे’ मी बोलून गेलो. ओळखीच्या एका केटररला लांब डिकीची जुनी डिझेल गाडी घ्यायची होती. पातेली, शेगड्या, खुर्च्या सगळं एका फेरीत जाईल हा त्याचा हिशेब. गाडी आली ती गरम इंजिनाने आली, आणि ते माझ्या लक्षात आलं तरी मी बोललो नाही. अडीच महिन्यांत टायमिंग बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. बेल्ट शेवटचा कधी बदलला, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. मीटरवरचं रनिंग कमी होतं म्हणून निर्धास्त राहिलो. रबर किलोमीटरनेच झिजतं असं नाही, नुसत्या वयानेही ते कडक होतं, हे रोज गिऱ्हाइकांना सांगणारा मीच.

अशी लांब डिकीची गाडी, म्हणजे इस्टेट, हा प्रकार आपल्याकडे कधी नीट रुजला नाही. टाटांनी १९९२ साली ‘इस्टेट’ आणली, २००४ साली ‘इंडिगो मरीना’. स्कोडाच्या ‘ऑक्टाव्हिया’चा ‘कॉम्बी’ अवतारही काही काळ मिळत होता. तिकडे जर्मनीत, स्वीडनमध्ये संसारी माणूस जी गाडी डोळे मिटून घेतो, तिला आपल्याकडे ‘सामानाची गाडी’ म्हणून नाक मुरडलं गेलं. त्याचा परिणाम आजही हिशेबात धरावा लागतो. मरीनाचं इंजिन इंडिकाच्या घराण्यातलं, १४०५ सीसीचं. त्याचे पार्ट अजून मिळतात. मागची काच किंवा टेललॅम्प फुटला, की मात्र कुर्ल्याच्या जुन्या बाजारात हेलपाटे. हे घेणाऱ्याला आधी सांगायला काय हरकत आहे?

अशी गाडी तपासायला आली, की माझा आग्रह आहे, सुरुवात डिकीपासून करा. गालिचा उचला, स्टेपनीचा खड्डा पाहा. मागच्या दरवाजाचं रबर गेलं, की पाणी तिथे साचतं आणि पत्रा आतून खातं. बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दरवाजाच्या उघडझापीने तुटतात. मागचा वायपर, काच तापवणाऱ्या तारा आणि नंबरप्लेटचा दिवा एकेक करून लावून बघा. मागचे शॉकअप आणि बुश सांगतात की गाडीने माणसं वाहिली की सिमेंटच्या गोण्या. मीटर मागे फिरवता येतं, बसलेली स्प्रिंग कुणी उभी करून आणत नाही.

मग बॉनेट. इंजिन थंड हवंच, नाहीतर ‘उद्या सकाळी आणा’ म्हणा. थंड इंजिन उशिरा पकडून पांढरा धूर ओकत असेल तर हीटर प्लग, नोझल आणि कॉम्प्रेशन, तिन्हींवर संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळ्या धुराला कारणं अनेक. एअर फिल्टर आणि काजळीने तुंबलेला ईजीआर व्हॉल्व्ह आधी बघा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन बघायला अर्धं मिनिट लागतं. कॉमन रेल गाडी असेल तर नोझलचा रिटर्न बाटल्यांत मोजा. एकच बाटली भराभर भरत असेल तर दोष तिथेच आहे. इंजिन बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड आली, तर फ्लायव्हीलची किंमत घेणाऱ्याच्या कानावर घाला.

स्कॅनर लावलात आणि एकही फॉल्ट दिसला नाही, म्हणून खूश होऊ नका. सकाळीच कोड पुसून आणलेली गाडी ओळखता येते: तिच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या, म्हणजे मुख्यतः २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक खोड आहे. शहरातल्या शहरात फिरलेल्या गाडीत फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, आणि ती जाळण्याच्या अर्धवट प्रयत्नांत डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर दिसली तर ‘भरपूर ऑइल आहे’ असं समजू नका. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळजवळ कोरं राहतं. काळंकुट्ट झालं तर कुणीतरी तो आतून पोकळ केलेला असण्याची दाट शक्यता. (हे उद्योग आपल्यातलेच काहीजण करतात. त्यावर पुन्हा कधीतरी, सविस्तर.)

कागदपत्रं आरटीओचं काम म्हणून सोडून देऊ नका. निदान चासी नंबर आरसीशी ताडून पाहा. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्तात आली असेल, तर त्यामागे तिथल्या दहा वर्षांच्या मर्यादेचा, हरित लवादाच्या २०१५च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशांचा इतिहास आहे. एनओसी आणि इथला कर धरून ती किती स्वस्त उरते, ते गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडा.

हे सगळं नीट करायला तास-दीड तास जातो, आणि तो फुकट देऊ नये. फी घ्या, आधी सांगून घ्या, आणि पाहिलं ते लिहून, खाली सही करून द्या. फुकटच्या शब्दाला जबाबदारी नसते, म्हणून तर तो इतक्या सहज तोंडातून निघतो. एजंट रागावेल, दोन महिने गाड्या पाठवणार नाही. माझ्याकडचाही रागावला होता. पण लेखी अहवाल असलेली गाडी लवकर जाते, हे कळल्यावर तोच गाड्या तपासायला आणू लागला. आता फीही तोच भरतो.

मधल्या पानावर तपासणीचा कोरा तक्ता छापला आहे. त्याच्या झेरॉक्स काढा, आपल्या गॅरेजचं नाव वर टाका. आम्हाला विचारायची गरज नाही. त्यात एखादा रकाना राहून गेला असेल तर तेवढं मात्र कळवा.