डॉक्टरांना बाटलीचे नाव हवे असते

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क आणि हातमोज्यांची चर्चा पुष्कळ झाली. बाटलीत नेमके कोणते रसायन आहे, याची त्या मानाने कमी झाली. उपचाराच्या वेळी मात्र तीच माहिती हाताशी नसते.

मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत ॲसिटिलकोलीन पोचवते. काम संपले की कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे तुकडे करते. ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक नेमके याच विकराला चिकटते. मग निरोप थांबतच नाहीत. तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, छाती कफाने भरते, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास बंद पडतो.

गट एकच असला तरी सगळ्यांचा वेग सारखा नसतो. मोनोक्रोटोफॉसमध्ये फॉस्फरसला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेला असतो. ते थेट विकरावर बसते. क्लोरपायरीफॉसमध्ये त्या जागी गंधक असते. यकृत ते काढून ऑक्सिजन बसवते, तेव्हा खरे विष तयार होते. म्हणून सुरुवातीला बरा दिसणारा रुग्णही लगेच घरी पाठवायचा नसतो.

दुसरा फरक रेणूच्या बाजूच्या गटांचा. मोनोक्रोटोफॉससारखे मिथिल गट असतील, तर अडकलेले विकर काही तासांतच कायमचे निकामी होऊ लागते. क्लोरपायरीफॉससारखे इथिल गट असतील, तर हीच मुदत दिवसाहून अधिक लांबते. विकर सोडवण्यासाठी दिले जाणारे प्रालिडॉक्झिम या मुदतीतच उपयोगी पडू शकते. ॲट्रोपिन मात्र कोणत्याही प्रकारात ताबडतोब लागते. ते नावासाठी थांबवायचे नसते.

म्हणून काही साध्या गोष्टी आग्रहाने व्हायला हव्यात. कृषी सेवा केंद्राच्या बिलावर कंपनीच्या नावासोबत रसायनाचे नाव ठळक मराठीत असावे. फवारणीच्या हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा पुरेसा साठा असावा. पंपात दोन-तीन औषधे एकत्र करण्याची सवय मोडावी. आणि कुणाला बाधा झालीच, तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे, रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे आणि सोबत बाटली न्यावी. ‘कपाशीचं औषध होतं’ एवढ्यावर डॉक्टरांना मुदत मोजता येत नाही.