कॉम्प्युटरला ताप आला!

दोस्तांनो, मे महिन्यातली दुपार. नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला. तुम्ही कॉम्प्युटरवर मस्त चित्र रंगवताय आणि अचानक पडदा काळा! पुन्हा चालू केला, पाच मिनिटांत पुन्हा बंद. आता बाबा म्हणणार, "नवा घ्यावा लागतो की काय!" थांबा, आधी रोग तर ओळखू या.

ताप आला की डॉक्टर काय विचारतात? "कधी येतो?" आपणही तेच विचारायचं. बटण दाबल्याबरोबर बंद पडतो? मग पहिला संशय विजेवर. दहा-पंधरा मिनिटं चालून पडतो, सकाळी बरा आणि दुपारी आजारी? मग संशय उष्णतेवर.

ही उष्णता येते प्रोसेसर नावाच्या चिपमधून. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट वीज खायचा. आज टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ६५ वॅटचे प्रोसेसर सर्रास असतात, आणि त्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. म्हणून चिपवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, पातळ पात्यांचा ठोकळा बसवतात. भांडी बाजारातून आणलेल्या तांब्याच्या भांड्यात गरम पाणी ओता, बाहेरून लगेच चटका बसतो ना? तसाच हा ठोकळा चिपची उष्णता झटकन ओढून घेतो आणि वरचा पंखा ती हवेत सोडतो. तरीही चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली, तर ती आधी काम मंद करते, मग सगळं बंद पाडते. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर रुसत नाही, जीव वाचवतो!

आता तपास. पण एकट्यानं नाही हं, घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, दहा मिनिटं थांबा, मगच झाकण उघडा.

१. पात्यांत धूळ दाटली आहे? पंखा बोटानं धरून ठेवा आणि मऊ ब्रशनं ती झाडा.

२. पंखा बोटानं फिरवून पाहा. अडखळला, तर त्याचं बेअरिंग गेलं.

३. सहज फिरतो, पण वीज दिल्यावर ढिम्म? पुन्हा वीज बंद करून त्याची पिन बोर्डावरच्या पंख्याच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. तिथे फिरला तर पहिलं सॉकेट खराब. तिथेही नाही, तर बहुधा पंखाच बदलायचा. बोर्ड नव्हे!

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी कधीच उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते, जिवावर बेतू शकतं. जळका वास आला तर तपास नको. मुख्य बटण बंद करा आणि सरळ दुरुस्तीवाल्याला बोलवा.

आणि आता तुमच्यासाठी कोडं. पंखा जोरात फिरतोय, धूळ नाही. चिप तापून बंद पडली, पण ठोकळा हाताला जेमतेम कोमट. दोष कुठे?

सुचलं? उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही! दोघांमधला मलमासारखा लेप वाळला असेल, नाहीतर ठोकळा सैल झाला असेल. ज्यांना हे आधीच सुचलं, ते झाले कॉम्प्युटरचे छोटे डॉक्टर!