शाळेंतील खताचा खड्डा

केरकचरा कमी करणें, टाकाऊ वस्तूंचा पुनरुपयोग आणि कंपोस्ट खत हे विषय आतां शाळांच्या अभ्यासक्रमांत शिरले आहेत, ही गोष्ट आम्हांस सर्वथैव इष्ट वाटते. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरणाचें शिक्षण सर्व शाळांतून दिलें जावें असा निर्णय दिला. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका व घरगुती घातक कचरा निरनिराळा ठेवणें हें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना येऊन हातानें करावयाचीं कामें शिकावीं असें सुचविलें आहे. कागदावर, म्हणजे, फारसें उणें राहिलेलें नाहीं. तथापि खेड्यांतील शाळेंत हा विषय ज्या रीतीनें बहुधा शिकविला जातो ती रीत शेतकऱ्याच्या मुलास निरुपयोगी आहे, आणि ती सुधारणें हें एकट्या शिक्षकाच्या हातचें काम नसून गांवच्या जमीनधारकांनीं त्यांत हात घातल्याविना तें होणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शाळेच्या भिंतीवरील चित्रांत दोन डबे असतात, एक हिरवा व एक निळा, आणि दाराशीं उभी असलेली घंटागाडी. नगरांतील मुलास हें चित्र यथार्थ आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरीं भाजीचा निवडलेला पाला शेळीपुढें जातो, उरलेली भाकरी गाईच्या मुखीं लागते, चुलींतील राख परसांत पडते आणि गोठ्यांतील शेण उकिरड्यावर जातें. ज्यास चित्र 'ओला कचरा' म्हणतें तो ह्या मुलाच्या घरीं कचरा म्हणून कधीं ओळखलाच गेला नव्हता. त्याला डब्यांचे रंग पाठ करावयास लावणें म्हणजे कोळ्याच्या पोरास घागरींत पोहावयास शिकविणें होय.

मग ह्या मुलास शिकवावयाचें तें काय? आमचें उत्तर असें कीं, त्याच्या घरचा उकिरडाच त्याला नव्यानें शिकवावा. बारा वर्षांनीं उकिरड्याचेंहि दैव पालटतें अशी म्हण आहे; अलीकडे तें पालटलें खरें, पण वाईटाकडे. आमच्या आजोबांच्या काळीं उकिरड्यावर जें जें पडे तें तें कुजत असे. आज त्याच उकिरड्यावर गुटख्याच्या व शांपूच्या पुड्या, वैरणीच्या पेंढ्यांची नायलॉनची दोरी, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, मल्चिंग पेपरच्या चिंध्या आणि क्वचित् जनावरांस टोचलेल्या सुयाहि सांपडतात. खत शेतांत जातें तेव्हां हें सारें त्याबरोबर जातें. नांगरटीस वर आलेली चिंधी बांधावर टाकली तर वाऱ्यानें ती शेजाऱ्याच्या पिकांत जाते. गाईनें खाल्ली तर तिच्या पोटांत राहते. शहरी कचऱ्याचें कंपोस्ट ज्यांनीं विकत घेऊन रानांत पसरलें त्यांतील कित्येकांस कांचेच्या तुकड्यांचा अनुभव आहेच. आजोबांस जें वेगळें करण्याची गरज कधीं पडली नाहीं तें वेगळें करण्याची संवय आतां नातवंडांस लावणें भाग आहे, आणि ही संवय आठव्या-दहाव्या वर्षीं लागते, चाळिसाव्या वर्षीं नव्हे. खेड्यांतील शाळेंत हा विषय असावा ह्याचें खरें कारण हें आहे.

तेथेंच औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचाहि धडा द्यावा. फवारणीचें औषध संपल्यावर बाटली तीनदां विसळून तें पाणी पंपांतच ओतावें, बाटलीस भोंक पाडावें, व तींत रॉकेल, तेल किंवा पाणी कदापि भरूं नये, एवढें जरी प्रत्येक मूल घरीं जाऊन सांगूं लागलें तरी शाळेचें उपकार मानावयास हवेत.

उकिरड्याचा दुसरा रोग जुनाच आहे. उघड्यावर पडलेल्या शेणांतील नत्र अमोनियाच्या रूपानें वाऱ्यावर जातें, पालाश पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून नाल्यास मिळतें, आणि गोमूत्र तर उकिरड्यापर्यंत पोंचतच नाहीं. तें गोठ्याच्या जमिनींत मुरतें. उरतें तें आपण गाड्या भरभरून शेतांत नेतों व त्यास शेणखत म्हणतों. ह्यावरील उपाय शोधण्यास परदेशीं जावें लागलें नाहीं. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज गृहस्थ १९०५ सालीं पुसा येथें आले ते शेतकीचें शास्त्र शिकवावयास. परंतु येथील शेतकऱ्यांसच ते पुढें आपले गुरु म्हणत. इंदूर येथील संस्थेंत त्यांनीं व यशवंत वाड ह्यांनीं काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती व राख थरांनीं रचून, तीन वेळां उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची पद्धति बसविली, व १९३१ सालीं तिजवर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यानंतर डॉ. आचार्य ह्यांनीं बंगलोर येथें शहरांतील केर व मैला चरांत कुजविण्याची रीत घालून दिली. आणि आमच्याच यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांची 'नाडेप' टांकी तर आतां कित्येक प्रांतांत माहीत आहे. हीं नांवें मुलांच्या कानांवर पडलीं पाहिजेत.

शाळेस ह्यांपैकीं नाडेपची टांकी सोयीची, असें आम्हांस वाटतें, कारण तिला हवेसाठीं भिंतींत भोंकें ठेवलेलीं असल्यामुळें खत उलथावें लागत नाहीं. पूर्ण टांकी आंतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. तींत १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारें १७५० किलो चाळलेली माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागतें. भरण्याचें काम दोन दिवसांचे आंत पुरें करावें लागतें. वर माती-शेणाचा लेप देऊन ती ९० ते १२० दिवस ठेवावी, व भेगा पडल्यास बुजवाव्या. शाळेनें निम्म्या मापाची टांकी बांधावी. तेवढ्यासाठीं लागणारें भुसकट एका लहानशा खळ्यावरहि मिळतें.

आतां ह्या एका टांकींत किती विषय शिकवितां येतात तें पाहावें. घनफळाचें गणित तर उघडच आहे. कर्ब व नत्र ह्यांचें प्रमाण सुमारें तीसास एक असेल तर जीवाणूंचें काम जोमानें चालतें, आणि गव्हाच्या काडांत तें ऐंशीस एक इतकें असतें, हें कळलें म्हणजे कच्चा भुसा रानांत मिसळल्यावर पीक पिवळें कां पडतें ह्याचा उलगडा त्या मुलास होतो. त्याच्या बापानें तें पिवळें पडलेलें पाहिलेलें असतें, पण कारण त्यास कोणी सांगितलेलें नसतें. हवा खेळती ठेवून लावलेला ढीग पहिल्या आठवड्यांतच ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापूं शकतो. उष्णतामापक नसेल तर लोखंडी सळई ढिगांत खुपसून कांहीं वेळानें काढावी व हात लावून पाहावा. चटका बसला तर आंत काम चाललें आहे. आणखी एक गोष्ट गुरुजींनीं अवश्य करावी. टांकींतून तीन टन खत निघालें असें सांगतात तेव्हां त्यांत पावणेदोन टन माती आपणच घातली होती, हें मुलांकडूनच वजाबाकी करवून दाखवावें. टनांच्या आंकड्यांस भुलून खत विकत घेणारे आमच्या वाचकांतहि थोडे नसतील.

वेळेचा विचार फार महत्त्वाचा आहे, आणि तेथेंच पुष्कळ शाळांचे बेत फसतात. आम्हीं एका शाळेंत असा खड्डा पाहिला कीं, जो पावसाळ्याच्या तोंडीं तपासणीसाठीं खणला होता; जवळची रंगविलेली पाटी खड्ड्याहून मोठी होती, आणि खड्ड्यांत गुडघाभर पाणी होतें. खड्डा आमच्या देशावर उन्हाळ्या-हिवाळ्यांत ठीक. पावसाळ्यांत व कोंकणांत ढीग जमिनीवरच असावा, हें हॉवर्डसाहेबांनींहि सांगितलेलें आहे. शाळेनें दिवाळीची सुटी संपल्यावर टांकी भरावी. तेव्हां बाजरी, सोयाबीन, तूर ह्यांपैकीं कशाचें तरी भुसकट गांवांत असतेंच, पाऊस गेलेला असतो, आणि फाल्गुनांत, परीक्षा लागण्यापूर्वीं, खत तयार होतें. जूनमध्यें भरलेली टांकी दिवाळीच्या सुटींत बेवारशी पडते, व जानेवारींत भरलेली उन्हाळ्याच्या.

दुपारच्या भोजनांतील उष्ट्याची गोष्ट निराळी. तें रोजचें असतें, व नाडेपची टांकी रोज थोडी थोडी भरावयाची नसते. त्यासाठीं सावलींत लहानसा गांडूळखताचा वाफा असावा, पण त्याहिपूर्वीं मुलांनीं आठवडाभर उष्टें तोलून पाहावें. किती खिचडी टाकली हें फळ्यावर लिहिलें कीं दुसऱ्या आठवड्यांत आंकडा आपोआप उतरतो. कचऱ्याचें खत करणें चांगलें; परंतु अन्नाचा कचरा न होऊं देणें त्याहून चांगलें, हें शेतकऱ्याच्या मुलास समजावयास फार शब्द लागत नाहींत.

आमच्या बोलण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. 'मुलगा शेणांतून सुटावा म्हणून त्याला शाळेंत घातला, आणि शाळाहि त्याला शेणच उचलावयास लावते काय?' असें आईबाप विचारतील. १९३७ सालच्या आक्टोबरांत वर्धा येथें जी मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली तींत शेती हाहि एक मूलोद्योग होता. ती योजना पुढें मागें पडली, त्याच्या कारणांपैकीं एक हें कीं, खेड्यांतल्या मुलांच्या हातीं कुदळ आणि शहरांतल्या मुलांच्या हातीं पुस्तक, अशी वांटणी पालकांस दिसली व ती त्यांस अपमानाची वाटली. आम्हांसहि ती तशीच वाटते. म्हणून हा विषय शिकवावयाचा तर तो शास्त्र म्हणून, वही-मोजमापासह, गुण देऊन शिकवावा. शिक्षकांनीं प्रथम स्वतः शेणांत हात घालावा.

आणि एका बाबतींत तर डोळ्यांत तेल घालून पाहावें. ह्या देशांत घाण उचलण्याचें काम विशिष्ट जातींवर शतकानुशतकें लादलें गेलें. शाळेंत खड्ड्याचें काम कोण करतो ह्याची यादी काढली आणि तींत गांवच्या एकाच आळीचीं मुलें निघालीं, किंवा झाडणें मुलींकडे आणि मोजणें मुलांकडे निघालें, तर ती शाळा कंपोस्ट शिकवीत नसून दुसरेंच कांहीं शिकवीत आहे. हें काम शिक्षा म्हणूनहि कोणास देऊं नये. अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैलासफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून उपोषण केलें होतें. पुढें कणकवलीस गोपुरी आश्रमांत मैल्याचें निर्दोष खत करण्याचे प्रयोग त्यांनीं चालविले. त्यांची कथा ह्या पाठास जोडून सांगावी.

श्रमाचें शिक्षण हलकें ठरत नाहीं ह्याचें उदाहरण पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम काढला. गांवास लागणारीं कामें मुलांनीं करावीं, त्यांतून शास्त्र शिकावें, आणि कामाचा मोबदला शाळेस मिळावा, ही त्यांची रीत. खताच्या टांकीस आम्ही हाच नियम लावूं. खत तयार झाल्यावर तें वजन करून बाजारभावानें विकावें, निम्मा पैसा टांकीच्या दुरुस्तीस ठेवावा व उरलेल्याचें काय करावें तें मुलांनीं ठरवावें. फुकट खत मागावयास येणाऱ्या पुढाऱ्यांस मात्र गुरुजींनीं नम्रपणें नकार द्यावा.

आतां आमच्या वाचकांविषयीं. उसाच्या एका हेक्टरांतून सुमारें ८ ते १० टन पाचट निघतें. ८ टन धरलें, आणि त्यांत नत्र शेंकडा ०.४२ एवढेंच धरलें, तरी ३३ किलोंहून अधिक नत्र होतें. युरियांत नत्र शेंकडा ४६ असतें, म्हणजे हें ४५ किलोंच्या दीड पोत्याहून अधिक युरियाबरोबर झालें. पाचट पेटविलें कीं तें बहुतेक सारें धुरांत जातें. राखेंत कांहीं पालाश उरतें, सेंद्रिय कर्ब जवळजवळ उरत नाहीं. हें गणित सातवीच्या मुलानें शाळेंत सकाळीं सोडवावें आणि सायंकाळीं आपल्याच फडांत वडिलांनीं कांडी ओढलेली पाहावी, असें चाललें तर त्यानें गुरुजींचें खरें मानावें कीं वडिलांचें? मुलें ह्या प्रश्नाचें उत्तर फार लवकर देतात, आणि बहुधा तें शाळेच्या विरुद्ध असतें.

ज्या सभासदांची जमीन शाळेस लागून आहे त्यांनीं दोन गुंठे रान एका हंगामापुरतें मुलांस द्यावें. एका गुंठ्यास शाळेचें खत घालावें, दुसऱ्यास घालूं नये, बाकी मशागत व बियाणें एकच ठेवावें, आणि दोहोंचें उत्पन्न मुलांनीं वेगवेगळें तोलावें. एका वर्षांत फरक थोडा दिसला तर निराश होऊं नये; तोहि वहींत जसाच्या तसा लिहावा. टांकीस लागणारी माती व शेण देणें कोणासहि जड नाहीं. पाण्याची मात्र आधीं बोली करून ठेवावी, कारण मार्गशीर्षांत सर्वांचींच रब्बीचीं पाळीं चालू असतात. आणि सोयाबीनची मळणी होतांच शिक्षकांस निरोप पाठवावा. आठ-पंधरा दिवसांनीं पाठविला तर बांधावर भुसकटाऐवजीं काळा डाग तेवढा राहिलेला असतो.