कमावत्याचे देणे

पश्चिम आफ्रिकेतील टोगो या लहानशा देशाचा इमॅन्युएल अडेबायोर २००८ साली आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. आर्सेनल, मँचेस्टर सिटी, टॉटनहॅम अशा संघांतून त्याने अमाप पैसा मिळवला. मे २०१५ मध्ये मात्र त्याने घरचे गाऱ्हाणे फेसबुकवर जाहीरपणे मांडले. सतराव्या वर्षी पहिल्या मिळकतीतून कुटुंबासाठी घर बांधले, आईला व्यवसायासाठी पैसे दिले. घानातील मोठे घर बहिणीला राहावयास दिले, तर तिने ते परस्पर भाड्याने लावले, असे त्याचे म्हणणे. अर्थात हे एका बाजूचे कथन.

खेळाडूची कमाई पस्तिशीच्या आसपास आटते. मागणारे आटत नाहीत. आपले दुकान मुलाच्या हाती सोपवता येते, पाय सोपवता येत नाहीत.

वाचकहो, बँकेत असताना धाकट्या भावाच्या कर्जाला जामीन राहणारे एक गृहस्थ आले होते. कागद वाचून घ्या, असे मी सुचवले. ते म्हणाले, "साहेब, वाचले तर सही होणार नाही, आणि सही केली नाही तर घरी जेवण गोड लागणार नाही." त्यांनी सही केली. पुढे कर्ज थकले, वसुलीची नोटीस त्यांच्या नावे निघाली. तिच्यावर सही माझी होती.